जुन्या गाडीचे आटे

जालन्यास पोलादाचे कारखाने पुष्कळ. परंतु आमच्या प्रीमियर पद्मिनीचें दुखणें ॲल्युमिनियमचें होतें. हेडमधील स्पार्क प्लगचे आटे गेले आणि ‘गाडी भंगारांत घाला’ असा सल्ला मिळूं लागला. तीर्थरूपांनीं १९७८ सालीं घेतलेली गाडी मोडींत काढण्यास आमचें मन होईना. अखेर एका वृद्ध मिस्त्रींनीं टॅपला ग्रीस चोपडलें, म्हणजे धातूचा कीस सिलिंडरांत न पडतां त्यासच चिकटतो. नवे आटे पाडून त्यांत पोलादी तारेचें वेटोळें बसविलें, तेव्हां १४ मिलिमीटरचा प्लग पूर्वीपेक्षांहि घट्ट बसला. ‘इंजिन थंड असतांनाच प्लग लावावा, आधीं बोटांनींच फिरवावा, पाना शेवटीं,’ असें ते म्हणाले. मऊ धातूवर बळजबरी केली कीं आटे जातात. एकत्र कुटुंबांतहि निराळें कांहीं घडत नाहीं.