देव, दुःख आणि नगरचा किल्ला

जगांत इतकें दुःख, मग देव कसा असेल, हा वाद आमच्या घरीं वारंवार उठतो. वडील मंडळी प्राक्तनाकडे बोट दाखवितात. तरुण ईश्वरालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करितात. अशा वेळीं मला अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला आठवतो.

१९४२ च्या ऑगस्टपासून तेथें काँग्रेसचे पुढारी बंदिवासांत होते. त्यांत मौलाना आझाद श्रद्धावान, तर पंडित नेहरू ईश्वराविषयीं साशंक. १९४३ सालीं आझादांची पत्नी कलकत्त्यास वारली. त्यांना तिचें अंत्यदर्शनहि घडलें नाहीं. तरी त्यांची श्रद्धा ढळली नाहीं. त्याच वर्षीं बंगालच्या दुष्काळांत लाखों जीव गेले. १९४४ सालीं किल्ल्यांतच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ ह्या ग्रंथांत नेहरूंनीं त्याचा दोष दैवावर न टाकतां मनुष्यांवर ठेवला.

तात्पर्य, दुःखानें आस्तिक नास्तिक होतोच असें नाहीं. आणि नास्तिकाचें हृदय कोरडें असतें, असेंहि नाहीं. देव आहे कीं नाहीं, हा वाद खुशाल चालावा. परंतु भुकेल्याच्या तोंडचा घास कोणीं हिरावला, ह्याचें उत्तर दोघांनींहि आधीं माणसांतच शोधिलें पाहिजे. प्राक्तन म्हणून हात झटकण्याची मोकळीक आस्तिकालाहि नाहीं.