सावनीच्या पाठीवरचे नियम

25 जानेवारी 2022 रोजी आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवण्यात आला. तिचं नाव ठेवलं सावनी. त्याच दिवशी वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या दुसऱ्या मादीलाही टॅग लागला. मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांना या किनाऱ्यावरची कासवं पुढे कुठे जातात, ते शोधायचं होतं. माझा विषय कासवं नव्हे. दूरदूर विखुरलेली, प्रत्यक्ष ऊन-पावसात वावरणारी संगणकीय यंत्रं चालू असतानाच आपलं वागणं कसं बदलतील, यावर मी काम करतो. त्यासाठी सावनीच्या टॅगसारखं उदाहरण मला कोकणात दुसरं दिसत नाही.

असा टॅग अर्गोस उपग्रहांशी बोलतो. हे उपग्रह साधारण 850 किलोमीटर उंचीवरून जातात आणि एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं आवाक्यात असतात. उपग्रह जवळ येताना संदेशाची वारंवारता किंचित वाढलेली मिळते, दूर जाताना घटलेली. त्या फरकावरून कासवाची जागा काढतात. नेमकी जागा हवी तर एका फेरीत चार तरी संदेश पोचायला हवेत. पण कासव बहुतेक वेळ पाण्याखाली, आणि खाऱ्या पाण्यातून हा रेडिओ संदेश बाहेर पडत नाही. तिथून पाठवलेला प्रत्येक संदेश म्हणजे वाया गेलेली बॅटरी, आणि ती बदलायला भर समुद्रात कोण जाणार?

म्हणून टॅगच्या अंगावर धातूचे दोन उघडे बिंदू असतात. ते बुडालेले असले की खाऱ्या पाण्यातून त्यांच्यात वीज वाहते. कासवाने श्वासासाठी पाठ वर काढली की तो प्रवाह तुटतो, आणि टॅग सेकंदभराच्या आत संदेश सोडतो. मादी अंडी घालायला वाळूत चढली, तर मात्र बिंदू बराच वेळ कोरडे राहतात आणि हाच नियम बॅटरी खाऊ लागतो. त्यासाठी वरचढ नियम भरता येतो: फार वेळ कोरडं असेल तर संदेश विरळ कर.

आमच्या शास्त्रात 2003 साली आयबीएमच्या केफार्ट आणि चेस यांनी एक चक्र मांडलं: निरीक्षण, विश्लेषण, नियोजन, अंमलबजावणी. कागदावर ते सलग फिरतं. समुद्रात त्याचे तुकडे होतात. पाहणं आणि करणं टॅगकडे, सखोल विचार किनाऱ्यावरच्या माणसांकडे. त्यातून या जातीचे बहुतेक टॅग फक्त बोलतात, त्यांना ऐकू येत नाही. त्यामुळे कशात तडजोड चालेल आणि कशात नाही, हे कासव पाण्यात शिरण्याआधीच ठरवावं लागतं. संदेश किती वेळाने जावा, हे बदललं तरी चालेल. बुडालेलं असताना पाठवायचं नाही, हे बदलता कामा नये.

दुसरा प्रश्न मौनाचा. संदेश थांबले, तर कासव मेलं, टॅग गळून पडला की बॅटरी संपली? नुसत्या मौनावरून काहीच सांगता येत नाही. म्हणून टॅगने जागेबरोबर स्वतःची हालहवालही कळवावी लागते: बॅटरीचा विद्युतदाब किती, बिंदू किती वेळ कोरडे होते. दाब उतरत जाऊन आलेलं मौन आणि दाब चांगला असताना अचानक आलेलं मौन, यांचे अर्थ वेगळे.

हे सगळं आता माणसांच्या बाबतीत लागू होतंय. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. हे यंत्र ऐकतंही: वादळाचा इशारा नौकेपर्यंत येतो, संकटाचा संदेश किनाऱ्यावर जातो. ऐकणाऱ्या यंत्राचे नियम नौका समुद्रात असतानाही बदलता येतात. ही मोठी सोय आहे, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवता येणार नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने आंजर्ले-वेळासच्या याच पट्ट्यात वीज आणि फोन दोन्ही घालवले होते. ऐन वादळात संपर्क तुटला, तर यंत्राने शेवटची आज्ञा धरून बसायचं, की संकटाच्या संदेशासाठी बॅटरी राखून बाकीचं सगळं गुंडाळायचं? माझ्या मते दुसरं. आणि तो नियम लिहिताना इंजिनियरच्या शेजारी हर्णे बंदरातला तांडेल बसलेला हवा, कारण कोणत्या वाऱ्यात किती वेळ तग धरावा लागतो, हे त्यालाच ठाऊक असतं.