न घेतलेला काप

मी निफाडकडचा, द्राक्षवाल्यांच्या घरातला. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोड्या बाराची छाटणी. आमच्याकडे वर्षाचे खरे सण हे दोनच. सही करायला शिकण्याआधी मी सिकेटर धरायला शिकलो. त्यामुळे २०११ साली इंग्लंडात, केंटमध्ये घर घेतलं आणि मागच्या टीचभर बागेत चेरी लावली, तेव्हा छाटणीतलं कुणी मला काही शिकवील असं मनातही आलं नाही.

जात ‘कोजो-नो-माई’. फुजी पर्वताकडच्या रानचेरीचा हा बुटका प्रकार. कितीही वर्षं वाढला तरी दोन-अडीच मीटरच्या आसपास थांबतो. नावाचा अर्थ ‘तळ्यावरचं नृत्य’. डहाळी सरळ जातच नाही, दर डोळ्याशी वळते. मार्चमध्ये, पान फुटायच्या आधी, त्या वाकड्या काड्यांवर गुलाबी कळ्या येतात आणि उमलता उमलता जवळजवळ पांढऱ्या होतात. हे झाड लावायचं ते फुलांसाठीच. आई फोनवर म्हणाली, “खायला काही देत नाही, त्याला पाणी कशाला घालतोस?”

तिसऱ्या वर्षी जानेवारीत दोन फांद्या एकमेकींना घासू लागल्या. पानं झडलेली, फांदी न् फांदी मोकळी दिसत होती. सिकेटरचं तोंड फांदीवर ठेवलं, तोच कुंपणापलीकडून आवाज आला, “थांबा!”

शेजारचे आजोबा. तीन वर्षांत आमचं बोलणं हवामानापलीकडे गेलं नव्हतं. घरातल्या सपाता घालूनच ते काठी टेकत रस्त्याने वळसा घेऊन आले आणि म्हणाले, “आज नको. जुलैमध्ये.”

मला राग आला. द्राक्षवाल्याच्या पोराला छाटणी शिकवताहेत! त्यांनी वाद घातला नाही. मला त्यांच्या बागेत नेलं आणि गवतातलं एक खोड दाखवलं. ती त्यांच्या बायकोने लावलेली चेरी. यांनी ती हिवाळ्यात छाटली होती. ओल्या, थंड दिवसांत एका बुरशीचे बीजाणू हवेत असतात. ताज्या कापातून ते लाकडात शिरतात. उन्हाळ्यात बीजाणू कमी आणि झाड वाढीला लागलेलं, त्यामुळे जखम लवकर भरते. रोग शिरला की पानाची वरची साल आतून सुटते आणि पान चंदेरी दिसू लागतं. “बायको म्हणाली होती, यंदा पानं किती सुंदर दिसताहेत,” आजोबा म्हणाले. मग एकेक फांदी वाळत गेली. तोडली तेव्हा मधोमध तपकिरी डाग होता.

जुलैत ते आले. त्यांनी फांदी धरली, मी कापली. कापावरून अंगठा फिरवून म्हणाले, “हात चांगला आहे तुमचा.” तेवढ्यावर आमची बरोबरी झाली. जाताना रोपांना लावायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने ‘जुलै’ लिहून त्यांनी ती माझ्या सिकेटरच्या मुठीला सुतळीने बांधली.

२०१८ साली आजोबा गेले. कुणी पैसे दिले, रोप दिलं, तर ते ऋण दाखवता तरी येतं. त्यांनी मला दिला तो न घेतलेला काप. झाडावर त्याची खूण शोधायला गेलं तर नुसती गुळगुळीत साल लागते.

फेब्रुवारीत गुलाब छाटायला मी सिकेटर खुंटीवरून काढतो. सुतळी दोनदा बदलली, पट्टी तीच. ती मनगटाला लागते. मी चेरीला वळसा घालून गुलाबांकडे जातो.