लहान विमानाची पायरी

मुंबईत सांताक्रूझहून समुद्राच्या दिशेने निघालात, की जुहूच्या किनाऱ्याअलीकडे एक विस्तीर्ण मोकळी जागा लागते. १९२८ साली सुरू झालेला जुहूचा विमानतळ तो हाच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन येथेच उतरले. आज येथे मुख्यतः हेलिकॉप्टरांची वर्दळ दिसते. परंतु टाटांचे ते ‘पस मॉथ’ विमान आठवले, की मनात येते, एवढ्याशा विमानात माणूस शिरत तरी कसा असेल?

मोठ्या विमानात आपण जिना चढून जातो. लहान विमानात अंग आवरून शिरावे लागते. वाचकहो, देशात ठिकठिकाणी उड्डाणाचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. उद्या आपल्याच घरची मुलगी वैमानिक होऊन ‘चला, एक फेरी मारू’ असे म्हणेल. त्या दिवसासाठी चार गोष्टी ध्यानात असाव्यात.

पहिली गोष्ट प्रॉपेलरची. वेगाने फिरू लागला, की तो डोळ्यांना जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणूनच तो घातक. विमानाकडे जावे ते मागच्या बाजूने आणि वैमानिकाने बोलावल्यावरच. थांबलेल्या प्रॉपेलरलाही हात लावू नये. मॅग्नेटोच्या तारेत दोष असेल, तर कळ बंद असूनही तो नुसता हलविल्याने इंजिन सुरू होऊ शकते.

‘सेसना १७२’ या चार आसनी विमानाचे पंख डोक्यावर असतात. पंखाची मागची कड कपाळाला लागते, तेव्हा वाकून जावे. मागे बसणाऱ्यांनी आधी शिरावे. पुढे बसणाऱ्याने आसन मागे सरकवून प्रथम त्यावर टेकावे आणि मग पाय आत घ्यावेत. आधारासाठी सुकाणूचे चाक ओढू नये. आसन पुढे घेतल्यावर ते खाचेत पक्के बसले की नाही, हे हलवून पाहावे. उड्डाणाच्या वेळी ते मागे घसरले तर अनर्थ ओढवतो. वारा असेल, तर दार हातातून सोडू नये.

‘पायपर चेरोकी’चे पंख खाली असतात आणि दार एकच, तेही उजव्या बाजूला. येथे पंखावरूनच चालत जावे लागते. परंतु विमानाच्या अंगालगत असलेल्या काळ्या खरखरीत पट्ट्यावरच पाय ठेवावा. पंखाच्या मागच्या हलत्या भागावर भार देऊ नये. साडी नेसलेल्या भगिनींनी निऱ्या किंचित उचलून पदर खोचावा, आणि घसरणाऱ्या चपला हातात घ्याव्यात. वैमानिकाची जागा डावीकडे असल्यामुळे त्याने आधी शिरावे, त्याच्या शेजारच्याने शेवटी. उतरताना अर्थातच क्रम उलटा.

अपघाताचे खरे भय असते ते उतरतानाच. विमान थांबले, समोर आप्तेष्ट हात हालवीत उभे आहेत, आणि मूल उडी मारून थेट त्यांच्याकडे, म्हणजे विमानाच्या नाकाकडे, धावत सुटते! म्हणून इंजिन बंद होऊन प्रॉपेलर पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नये. उतरल्यावर मुलाचा हात धरून शेपटीकडे वळावे. दहा पावलांचा वळसा पडेल, पण तो टाळू नये. आणि भेटायला आलेल्यांनीही आपल्या जागीच उभे राहावे.

वयाची अडचण वाटते काय? १९८२ साली, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ७८ वर्षांचे टाटा ‘लेपर्ड मॉथ’ नावाच्या तशाच चिमुकल्या विमानात चढले आणि कराचीहून निघून पुन्हा जुहूलाच उतरले. तेव्हा घरच्या आजी-आजोबांनाही अवश्य न्यावे. मात्र त्यांना घाई करू नये; एक हात आधाराला द्यावा, आणि पाऊल कोठे ठेवायचे ते आधी दाखवावे.