ट्रंक



श्रावणातल्या सोमवारी आमच्या ओतूरला कधी आला असाल, तर मांडवीकाठी कपर्दिकेश्वराच्या दर्शनाची बारी तुम्ही पाहिली असेल. आत कोरड्या तांदळाच्या पिंडी, बाहेर यात्रा. जवळच बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबारायांना स्वप्नात मंत्र देणारे ते हेच. यंदा चौथ्या सोमवारी, 18 ऑगस्टला, मी त्या बारीत उभा होतो आणि खिशात वरळीच्या नव्या घराची चावी होती. चारच दिवसांपूर्वी, 14 ऑगस्ट 2025 ला, वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. त्यांत आमचे एक. गावात जो भेटेल तो अभिनंदन करत होता. मी मात्र एका माणसाला चुकवत होतो.

ही गोष्ट त्या चाळीपासून सांगावी लागेल. 1920 नंतरच्या काही वर्षांत इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. एकट्या वरळीत 121. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून लांब पॅसेज, संडास सामायिक. खोली 160 चौरस फुटांची. भाडेपावती आमच्या वडिलांच्या नावाची, पण खोली ओतूरची होती म्हणा ना. माळशेज घाट उतरून कल्याणहून गाडी धरलेला गाववाला सरळ आमच्याकडे यायचा. गिरणीत चिकटेपर्यंत राहायचा, चिकटल्यावरही राहायचा. एका वेळी नऊ-दहा माणसे असत. रात्रपाळीचा उठून गेला की त्याच्या वळकटीवर दिवसपाळीचा आडवा व्हायचा. प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक भिंतीला एकावर एक रचलेली. घर म्हणजे तेवढीच जागा, ट्रंकेएवढी.

एकादशीला पॅसेजमध्ये सतरंज्या पडत. खुंटीवरची वीणा खाली येई. शेजारच्या मालवणी काकू साबुदाण्याची खिचडी पाठवत, आणि समोरच्या खोलीतला एक नास्तिक कॉम्रेड मृदंग इतका सुरेख वाजवी की वडील म्हणत, याला देव मानत नसला तरी देव याला मानतो. गाववाल्यांत एक बुवा होते. थ्रॉसल खात्यात कामाला. चाली त्यांच्या. अभंग स्वतःच्या हाताने उतरवलेली त्यांची वही होती, आणि कुठल्या अभंगाला कुठली चाल, याच्या खुणा समासात लाल पेन्सिलीने केलेल्या.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. एकेक जण ट्रंक उचलून गावी गेला. बुवा गेले ते म्हणाले, "ट्रंक राहू दे, गिरणी सुरू झाली की येतोच."

ती ट्रंक आमच्या पलंगाखाली राहिली. वडील होते तोवर दिवाळीला तिच्यावर फडके फिरवत. वडील गेले, बुवाही गावी वारले.

पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करायची वेळ आली तेव्हा नव्या 500 चौरस फुटांचा हक्क कोणा एकाच्या नावावर लागणार होता. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, गावी चावडीसमोर उभ्या उभ्या ना-हरकत लिहून दिली. एवढेच म्हणाला, "तिथं तू राहिलास, मी नाही." मला बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली. सामान आवरताना पसारा खूप होता. ट्रंक गंजली होती, कुलूप लागलेले, किल्ली नाही. मी ती न उघडता भंगारवाल्याला दिली. किती पैसे आले तेही आठवत नाही.

तर बारीत त्या बुवांच्या मुलाने मला गाठलेच. शेतकरी माणूस, माझ्याहून लहान. पेढा घेतला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, आमच्या बाबांची ट्रंक होती तुमच्याकडं. वही होती त्यात."

खोटे बोलता आले असते. पावसात भिजली, हरवली, असे काही. माउली, तुकोबारायांच्या वह्या तेरा दिवसांनी इंद्रायणीतून वर आल्या. भंगाराच्या तराजूवर चढलेली वही कुठून वर येणार? मी खरे ते सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. बारी चार पावले पुढे सरकली. मग विचारले, "चाली तरी येतात का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मी परतीची एसटी सोडून दिली. रात्री समाधीजवळ बसलो, त्याने मोबाईल पुढे धरला. लहानपणी झोपेत ऐकलेले आठवत गेलो. तीन चाली नीट आल्या. चौथीचे ध्रुवपद आले, पण अंतरा वर कुठे जातो ते काही केल्या सापडेना. दादा शेजारी टाळ घेऊन होता. त्यालाही येईना, तो त्या खोलीत कधी राहिलाच नव्हता.

मालवणी काकूंचा धाकटा मुलगा आता आमच्याच टॉवरमध्ये, वरच्या मजल्यावर आहे. त्याला कदाचित आठवत असेल. बुवांचा मुलगा येत्या वद्य एकादशीला वरळीला येतो म्हणाला आहे. नव्या घरात दहा माणसे बसतील, जास्त आली तर लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकावी लागेल. तिथे बसू देतात का, हे मी अजून कोणाला विचारलेले नाही.