बाकावरची घारापुरी

उरणच्या मोरा बंदरावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं, की समोर एक हिरवंगार बेट दिसतं. ती घारापुरी. मुंबईची माणसं तिला एलिफंटा म्हणतात आणि गेटवेहून लाँचने येतात. पण बेट आहे आमच्या उरण तालुक्यातलं! तिथली त्रिमूर्ती तुम्ही पुस्तकात पाहिलीच असेल. आज मात्र लढाईची गोष्ट.

बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने कोकणच्या मौर्यांवर स्वारी केली. (हे मौर्य म्हणजे चंद्रगुप्त-अशोक नव्हेत हं! हे घराणं कित्येक शतकांनंतरचं.) कर्नाटकात ऐहोळे इथं इ. स. ६३४ चा शिलालेख आहे. रविकीर्ती या कवीने त्यात लिहिलंय, की पुरीवर शेकडो नावा मदमस्त हत्तींसारख्या चालून गेल्या. ही पुरी म्हणजे घारापुरी, असं बरेच अभ्यासक मानतात. काहीजण जंजिऱ्याजवळची राजपुरी म्हणतात. आमच्या चौथीच्या वर्गाने अर्थातच एकमताने घारापुरीला कौल दिला.

मग ठरलं, ही लढाई खेळायचीच! छोट्या सैनिकांच्या लढाया मांडण्याचा नाद जगभर आहे. प्रशियाचे लष्करी अधिकारी १८२४ पासून असा खेळ खेळत. एच. जी. वेल्स या लेखकाने तर १९१३ साली त्याच्या नियमांचं पुस्तकच काढलं. आमच्याकडे होते दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे. बिचाऱ्यांना हजार वर्षं मागे जाऊन चालुक्यांची चाकरी करावी लागली! तीन बाकं जोडून समुद्र झाला, खडूने बेट काढलं. काड्यापेटी म्हणजे वीस नावा. लुडोचा फासा टाकायचा आणि पडेल तितकी बोटं नाव पुढे सरकवायची.

पण मौर्य व्हायला कुणी तयार होईना. हरणार हे आधीच ठाऊक, मग कोण बसणार? शेवटी करंजाची एक मुलगी पुढे आली. तिचे वडील मासेमारी करतात. तिने पहिल्यांदा नियमावरच बोट ठेवलं, "बाई, ओहोटी लागली का होरी चिखलान रुतल ना!"

खरंच की! मोऱ्याला इतका गाळ साचतो, की मोठ्या ओहोटीला भाऊच्या धक्क्याची लाँचसुद्धा बंद ठेवतात. भरती-ओहोटीत सुमारे सहा तासांचं अंतर असतं. म्हणून सहा डाव भरतीचे, सहा ओहोटीचे असा नियम झाला. ओहोटीत किनाऱ्याला लागलेली काड्यापेटी जागीच अडकणार. पाच लढायांपैकी दोन त्या मुलीने जिंकल्या! पुलकेशी झालेला मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "पण शिलालेखात तर तो जिंकलाय!" ती म्हणाली, "तो त्यांचा हाय. आपला कुठं हाय?"

या प्रश्नावर वर्ग गप्प झाला. मीही फळा पुसत राहिले. त्या लढाईचं मौर्यांनी लिहिलेलं काहीच आपल्या हाती नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही होडीने बेटावर गेलो. पोरांनी लेणी भराभरा पाहिली (मला जरा वाईटच वाटलं) आणि डोंगरावरच्या इंग्रजांच्या तोफांशी धावली. तिथून खाली पाहत नावा कुठे लागल्या असतील यावर असं भांडण जुंपलं, की डबे उघडायचे राहिले. तुम्हीही जा. मोऱ्याहून निघणार असाल तर भरतीची वेळ विचारून घ्या. आणि सोमवारी लेणी बंद असतात बरं का!