न फिटलेली उचल

गल्लीतले ट्रकवाले मामा माझ्या नात्याचे कुणी नव्हते. मूळचे मुखेडकडचे. एरवी लातूर-नांदेड माल वाहायचे आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या कारखान्यांवर नेऊन सोडायचे. ट्रकमध्ये कोयते, हंडे, गोधड्या, शेळी आणि त्यातच झोपलेली लेकरं. मुकादमाची उचल फिटेपर्यंत ही माणसं पाचटाच्या खोपीत राहायची. बारावीनंतर याच मामांनी मला अहमदपूर रस्त्यावर जुन्या जीपवर गाडी शिकवली. "समोरच्याची चूक असू दे, ब्रेक आपुनच मारायचा," एवढाच त्यांचा धडा. फीचं विचारलं तर म्हणाले, "कुणाला तरी शिकव, फिटलं."

त्या धड्याच्या जोरावर आम्ही दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला भाड्याची गाडी घेतली. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि बेट लांबीला जेमतेम पासष्ट किलोमीटर. लातूरहून निघून अहमदपूर गाठावं, एवढंच. पण जागोजागी गोल चौक, तिथं उजवीकडच्याला आधी वाट द्यायची. शामारेलच्या चढणीवर तर वळणामागून अचानक बस समोर यायची. बायको दाराची मूठ घट्ट धरून बसायची. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून कडेला घ्यायचो आणि मनातल्या मनात मामांना नमस्कार करायचो.

घाट उतरला की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. त्या फडांत मध्येच काळ्या दगडांचे घराएवढे ढीग दिसत. गाडी थांबवून एका ढिगाजवळ गेलो. दगड हुबेहूब आपल्या माळरानावरच्यासारखे. आपलं दख्खनचं पठार आणि हे बेट भूगर्भातल्या एकाच तप्त स्रोतातून उसळलेल्या लाव्ह्यानं घडलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. पण हे ढीग रचले ते माणसांच्या हातांनी. ऊस लावण्याआधी जमिनीतला एकेक दगड वेचून काढावा लागे.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ते हात कुणाचे, हे कळतं. 1834 पासून जवळपास साडेचार लाख मजूर करारावर या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. 2006 साली हा घाट जागतिक वारसा ठरला. तिथल्या सोळा पायऱ्या चढताना मला मुखेडच्या टोळ्या आठवल्या. यांचा करार, त्यांची उचल. यांचं जहाज, त्यांचा ट्रक.

परतल्यावर मामांना सगळं सांगितलं. समुद्राचं त्यांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, "त्या दगड उचलणाऱ्यांची पोरं शिकली का रं?" म्हटलं, शिकली मामा. त्यांच्या वंशजांतून मास्तर झाले, मंत्री झाले. शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला तर देशभर सुट्टी असते. मामा म्हणाले, "मग झालं."

मी हौसेनं गाडी फिरवतो. मामांनी जन्मभर दुसऱ्यांचं बिऱ्हाड वाहिलं. यंदा त्यांच्याच ट्रकमधून गेलेल्या एका टोळीतली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि माझ्याकडे गाडी शिकायला आली. फीचं विचारू लागली, तेव्हा मी मामांचाच हिशेब तिला सांगितला.